तीन ते पाच फोन बंद

स्पेनमधल्या कादिस शहराच्या ला विन्या वस्तीतल्या त्या चार मजली जुन्या इमारतीत कायमची राहणारी अशी आता विसी एकटीच उरली होती. बाकीची घरं मालकाच्या पुतण्यानं, फेर्मिननं, पर्यटकांना दिवसाच्या बोलीवर द्यायला काढली होती. पाहुण्यांना चाव्या द्यायच्या आणि गावची रीत समजावून सांगायची, हे काम विसीकडे.

साठी उलटलेल्या विसीला ते आता तोंडपाठ झालं होतं. "जेवण दुपारी अडीचच्या आत मागू नका, रात्री नऊच्या आत. दुकानात शिरलात की आधी नमस्कार करा, मग काय हवं ते बोला. पोहायच्या कपड्यांत रस्त्यानं हिंडू नका; तोंडावर कुणी बोलणार नाही, मागे नावं ठेवतील. तीन ते पाच जिन्यात आवाज नको. त्या वेळात मला फोनही करू नका, मी उचलत नाही. आणि अनोळखी कुणी दार वाजवलं तर उघडू नका."

शेवटची सूचना फेर्मिनची. एका घरातून पाहुण्यांची पाकिटं गेली, तेव्हापासूनची. हे सगळं त्यानं चार भाषांत छापून प्रत्येक दारामागे लावलं होतं.

तिसऱ्या मजल्यावर सेहेचाळीस वर्षं हर्मिनियाबाई राहिल्या. गेल्या शरदात त्यांचा भाडेकरार संपला तो पुन्हा झालाच नाही. चौऱ्याऐंशीव्या वर्षी लेक चारो त्यांना खाडीपलीकडे, पुएर्तो रेआलला घेऊन गेली. त्या घरात आता जानेवारीचे पाहुणे होते, एक डॅनिश जोडपं.

त्या मंगळवारी विसी जेवून आडवी झाली. उठली तेव्हा सव्वापाच झाले होते. फोनवर डॅनिश बाईचे सहा फोन येऊन गेलेले. 'गरम पाणी गेलं असेल,' असं म्हणत ती शाल घेऊन जिना चढली.

तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर हर्मिनियाबाई बसल्या होत्या. घरातल्या सपाता पायात, अंगात पातळ स्वेटर. भिंतींना ओल सुटलेली आणि बाईंच्या हातात जुनी चावी.

"विसी, अगं कुलूप बिघडलंय," त्या म्हणाल्या. "आणि आत कुणीतरी आहे. मी हाका मारल्या, पण उत्तर देत नाहीत. असं कसं गं, शेजारधर्म काही आहे की नाही?"

"केव्हापासून बसलाय तुम्ही?"

"तीनच्या बसनं आले. चारोला सांगू नकोस, ओरडेल."

विसीनं त्यांचे हात हातात घेतले. बर्फासारखे झाले होते. तेवढ्यात दार बोटभर उघडलं. डॅनिश बाईचा चेहरा पांढरा पडलेला. दारामागचा कागद दाखवत ती मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "तुम्ही सांगितलं, उघडू नका. मी फोन केला. खूप केला."

विसीला तिच्यावर रागावताही येईना.

तिनं हर्मिनियाबाईंना खाली स्वतःच्या घरी नेलं, टेबलाखालची शेगडी लावली, त्यांचे पाय घोंगडीत गुंडाळले, गरम रस्सा पाजला आणि चारोला फोन केला. चारो आली ती रडतच. "अख्खं गाव पालथं घातलं मी! आई, तू मला मारणार आहेस एक दिवस." मग विसीकडे वळून म्हणाली, "आणि तू खालीच होतीस ना गं?"

"झोपले होते," विसी म्हणाली.

बाईंच्या छातीत कफ भरला, पंधरा दिवस इस्पितळात काढावे लागले. त्यातून वाचल्या, पण पुन्हा पायावर उभ्या राहिल्या नाहीत. डॅनिश जोडप्यानं जाताना बुकिंगच्या साइटवर घराला पैकीच्या पैकी गुण दिले आणि खाली लिहिलं, 'व्यवस्थापिकेच्या सूचनांमुळे सुरक्षित वाटलं.' फेर्मिननं ते विसीला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं.

"ती दाराची सूचना काढून टाक," ती म्हणाली.

"अगं, लोकांना तीच तर आवडते," तो हसला.

विसीनं काम सोडलं नाही. सोडून जाणार कुठे?

आता दर गुरुवारी ती बसनं पुएर्तो रेआलला जाते. चारोच्या घरात हर्मिनियाबाईंची खाट खिडकीपाशी आहे. समोर गोदीतल्या क्रेन दिसतात, समुद्र दिसत नाही. विसी त्यांचे केस विंचरते, वस्तीतल्या बातम्या सांगते. बाई ऐकतात न ऐकतात, आणि मधेच विचारतात, "घरी कधी जायचं गं?"

"कार्निव्हल होऊ दे, मग जाऊ," विसी म्हणते.

कार्निव्हल होऊन तीन आठवडे झालेत. बाई मान हलवतात आणि वेणी घालायला डोकं वळवून देतात.