एक खातं, एक घर

आई गेल्यानंतर तिने चार मालिका पूर्ण केल्या. पाचवी चालू आहे.

घाबरू नका, भुताची गोष्ट नाही. आमच्या घरात सिनेमे आणि मालिका बघायचं एकच सामायिक खातं आहे. ॲप उघडलं की पडद्यावर चार गोल चेहरे येतात: बाबा, आई, ताई आणि मी. ज्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवाल त्याचं अर्धवट राहिलेलं सगळं समोर येतं. बाबांच्या चेहऱ्यावर कुणीच बोट ठेवत नाही, बाबासुद्धा नाही. ते आईच्या चेहऱ्यावर ठेवतात आणि तिचं जिथे थांबलं होतं तिथून पुढे बघतात. आधी मला वाटलं, चुकून होत असेल. मी फोनवर सांगितलंही की बाबा, तुमचा चेहरा डावीकडचा.

"माहितीये," ते म्हणाले. "पण तिच्याकडे चांगलं लागतं."

मी दुसऱ्या शहरात राहतो, एका खोलीत. काम काय करतो ते सांगतो, म्हणजे दया यायची असेल तर आत्ताच येऊन जाईल. मालिका सुरू झाली की कोपऱ्यात 'सुरुवात वगळा' असं बटण येतं ना? ते कुठल्या क्षणी यावं आणि कुठल्या क्षणी जावं, याच्या खुणा मी करतो. दिवसभर माझ्यासमोर शीर्षकगीतं सुरू होतात आणि मी ती लोकांच्या आयुष्यातून काढून टाकतो. शेकडो गोष्टींची सुरुवात मला पाठ आहे. पुढे काय झालं, कुणाचं कुणाशी जमलं, देव जाणे. काम घरूनच, त्यामुळे सहकारी म्हणजे पडद्यावरचे हिरवे ठिपके. एकदा एका ठिपक्याला मी विचारलं, "जेवलास का?" तो पिवळा झाला, म्हणजे 'जागेवर नाही'.

बाबांशी फोनवर बोलणं होतं. ते असं:

"कसे आहात?"

"मजेत. तू?"

"मजेत."

"बरं. ठेवू?"

मग मी 'ठेवा' म्हणतो, दोघांनाही लाल बटण पटकन सापडत नाही, आणि तेवढा वेळ आम्ही एकमेकांचा श्वास ऐकतो. संभाषणातला सगळ्यात मोठा भाग तोच.

पूर्वी असं नव्हतं. दिवाणखान्यात एकच फोन होता आणि कुणाचाही आला तरी तो अख्ख्या घराचा असायचा. ताई मैत्रिणीशी कुजबुजत असली की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "तिला सांग, त्या मुलाच्या नादी लागू नकोस म्हणावं!" टीव्हीही एकच. कुठला कार्यक्रम लावायचा यावरून रोज संध्याकाळी घरात निवडणूक व्हायची आणि रोज आई बिनविरोध निवडून यायची. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये टीव्ही. भांडणाला काही कारणच उरलं नाही. विज्ञानाने आमचं एवढं भलं केलंय की बोलायची सोय नाही.

म्हणून मला ते खातं लागतं. मी रात्री जेवताना बघायला लगेच काही लावत नाही, आधी आईच्या चेहऱ्यावर जातो. आई कालच्याच जागी थांबली असेल तर बाबांना बरं नाही. एका दिवसात तीन भाग पुढे गेली असेल तर गुडघा दुखतोय, फिरायला गेले नाहीत. तोच भाग पुन्हा लागला असेल तर काल खुर्चीतच डोळा लागला. एवढी बातमी मला बाबांनी स्वतःच्या तोंडाने आजवर दिलेली नाही. सगळं ठीक दिसलं की मी ताट धुवून टाकतो.

आणि मग कंपनीचा मेल आला.

'प्रिय सदस्य' अशी सुरुवात होती, तेव्हाच पाल चुकचुकली. यापुढे एक खातं, एक घर. आणि घर म्हणजे काय, तर जिथे खातेदाराचा टीव्ही आणि वायफाय आहे ते. त्या घरात न राहणाऱ्यांचे चेहरे काढून टाकण्यात येतील. काही शंका असल्यास खातेदाराने रविवारपर्यंत स्वतः फोन करावा. म्हणजे टीव्ही बाबांकडे, वायफाय बाबांकडे, आणि मी आणि ताई घरातले नाही. नातेवाईक हे आम्हाला आडून आडून सांगतच होते. कंपनीने लेखी दिलं.

मी ताईला फोन लावला. तीही लांब, तिच्या शहरात, तिच्या संसारात.

"मग वेगळं खातं घे की! कमावतोस ना?"

"घेईन. पण त्यात बाबा दिसणार नाहीत."

"बाबांना बघायला व्हिडिओ कॉल असतो, माठ्या."

"व्हिडिओ कॉलवर बाबांचं कपाळ दिसतं."

"हो रे. मला परवा नुसतं छत दिसलं. अर्धा तास मी छताशी बोलले. छत म्हणालं, मजेत आहे."

"त्यांनी फोन करून सांगायला हवं की आपण सगळे तिथेच राहतो."

"बाबांनी? खोटं?" ताई इतकी हसली की तिच्या घरातलं कुणीतरी काय झालं म्हणून विचारायला आलं. "शिकव तू त्यांना. शिकवून झालं की मांजराला पोहायला शिकव."

तिचं बरोबर होतं. बाबा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. जन्मभर दुकानादुकानांतून तराजू तपासत फिरले. नको असलेल्या माणसाचा फोन आला की आई 'ते घरी नाहीत' सांगायची आणि तिच्या मागून बाबांचा खणखणीत आवाज जायचा, "आहे मी!"

तरी मी शिकवणी घेतली.

"बाबा, एकच वाक्य. हो, सगळे इथेच राहतात."

"पण तुम्ही राहत नाही."

"माहितीये मला."

"मग?"

"तरी म्हणायचं."

"बघू," बाबा म्हणाले. आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

रविवारी दुपारी आम्ही मोहीम काढली. बाबांच्या कपाटात ताईचा एक जुना फोन पडून होता, त्यावर मी लाईनवर. टेबलावर त्याच्या समोर बाबांचा स्वतःचा फोन, त्यावर कंपनी. दोन्ही स्पीकरवर, दोन फोन समोरासमोर, जणू भाडेकरार करायला बसलेत. मी माझा आवाज बंद करून ठेवायचा आणि नुसतं ऐकायचं. बाबा अडकले तर मदत कशी करायची, हे मात्र आमच्या योजनेत नव्हतं. दोघांनाही ते सुचलं नाही.

बराच वेळ कंपनीची धून वाजली. मग एक मुलगी आली. आवाजावरून तिला चहा हवा होता.

"लाईनवर थांबल्याबद्दल धन्यवाद. सर, आपल्या खात्यावर चार सदस्य दिसतायत. जे आपल्या घरी राहत नाहीत त्यांची नावं मी आत्ता काढून टाकणार आहे. तर कोण कोण राहत नाही?"

चार. मी माझा विचार केला होता, ताईचा केला होता. आईचा केलाच नव्हता. बाबा एक खरं वाक्य बोलले की आई जाणार होती, आणि बाबा खरंच बोलतात.

तराजूचा काटा स्थिर व्हायला लागतो तेवढा वेळ गेला.

"सगळे राहतात," बाबा म्हणाले.

मी खोलीत एकटाच उभा राहिलो. आता गप्प बसा बाबा, बास, एक वाक्य ठरलं होतं.

"आत्ता आहेत का सगळे घरात?"

"रविवार आहे. जाणार कुठे? मोठी आंघोळीला गेलीये. तासभर निघत नाही. दार वाजवलं की म्हणते, आले आले. येत नाही."

"आणि मुलगा?"

"तो आतल्या खोलीत. जनावरांच्या डॉक्टरचा कार्यक्रम बघतोय. दुसऱ्यांदा. परवा भुताचा सिनेमा लावला होता, पण सुरुवातीलाच सोडला. लहानपणापासून भित्रा आहे. मग पहाटेपर्यंत केक कसे करतात ते बघत बसला. स्वतः अंडंसुद्धा उकडत नाही. झोप लागत नसणार त्याला. विचारलं तर म्हणतो, मजेत."

यातलं सगळं खरं होतं. जनावरांचा डॉक्टर, भूत, केक. मला वाटत होतं, पाळत मी ठेवतोय.

"आणि मॅडम?" मुलीने विचारलं. "सगळ्यात जास्त वापर त्यांचाच दिसतोय."

"ती टीव्हीसमोर असते."

"सर, खात्रीसाठी एका सदस्याशी बोलावं लागतं. मॅडमना देता का फोन?"

आता मात्र मी फोन इतका घट्ट धरला की आवाज कमी-जास्त करायचं बटण दाबलं गेलं आणि बाबा एकदम मोठ्याने बोलायला लागले.

"ती बोलत नाही सध्या."

"तब्येत बरी नाही का?"

"नाही, नाही. माझ्याशी बोलत नाही."

मुलीचा आवाज बदलला. कंपनी बाजूला झाली आणि माणूस आलं. "भांडण झालंय?"

"जरा लांबलंय."

"आमच्याकडेही सेम आहे हो काका. आईबाबांचं. तुम्हीच मोठेपणा घ्या ना. आधी तुम्ही बोलायला लागा."

"मी बोलतो," बाबा म्हणाले. "रोज बोलतो. मालिकेत कोण खोटं बोलतंय, कोणाचं लग्न मोडणार, सगळं सांगतो. ती आधीच ओळखायची. मला कळायला वेळ लागतो."

'ओळखायची' म्हणाले ते. मुलीच्या लक्षात आलं की नाही, मला कळलं नाही. ती काही वेळ नुसती टाइप करत होती, किंवा टाइप केल्याचा आवाज करत होती.

"बरं काका, मग मुलाला बोलवा."

मी आवाज चालू करायला बोट नेलं. बाबांनी समोरच्या फोनकडे तोंड करून हाक मारली असती तरी चाललं असतं, मी टेबलावरच होतो. पण खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलं लांब गेली. मग त्या घरातल्या माझ्या जुन्या खोलीचं दार वाजलं. ते खालून घासतं, तो आवाज मी कुठेही ओळखीन. आणि लांबून, रिकाम्या खोलीतून बाबांचा आवाज आला.

"टिल्ल्या, ऊठ. फोन आहे तुला."

मग जरा थांबून, "किती वेळ लोळायचं? उजाडून दुपार झाली. ऊठ बघू."

मुलगी पलीकडे हसली. मी आवाज चालू केला.

"आलो, बाबा."

नुसतं 'आलो' म्हणून लगेच फोनवर हजर होणं संशयास्पद वाटलं असतं. चालत आल्याचा आवाज हवा. म्हणून मी फोन पलंगावर ठेवला, चपला घातल्या आणि खोलीत फट् फट् करत चालायला लागलो. माझी खोली लहान आहे, लगेच भिंत येते, म्हणून गोल फिरलो. बाबांच्या घरातला तो बोळ पार करायला लागायचा तेवढा वेळ फिरलो. मग फोन उचलला.

"हॅलो."

"झोपमोड केली का सर?" मुलगी म्हणाली. "आपण याच घरी राहता ना?"

"हो."

"कधीपासून?"

"जन्मापासून."

"छान. झाली खात्री. चारही सदस्य कायम ठेवतेय." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आणि तेवढं आईबाबांचं मिटवा तुम्ही. मुलांचं ऐकतात ते." आणि धून परत वाजली आणि बंद झाली.

टेबलावर एकच फोन जिवंत राहिला, माझा. बाबांची पावलं परत आली. माझ्या खोलीचं दार त्यांनी बंद केल्याचं काही मला ऐकू आलं नाही. खुर्चीत बसले.

"झालं?"

"झालं, बाबा. राहिले चौघेही."

"बरं."

मला काहीतरी म्हणायचं होतं. झोप येत नाही हे खरं आहे, असं काहीतरी. किंवा तुमचा गुडघा कसा आहे. पण गुडघ्याचं मला कसं माहीत, हे सांगावं लागलं असतं. त्यांना ते माहीत असणारच, हेही आत्ताच कळलं होतं. चपला अजून पायात होत्या.

"आता उठलाच आहेस," बाबा म्हणाले, "तर गॅसवर दूध ठेवलंय, तेवढं बघ. उतू जाईल."

मला वाटलं, ते अजून त्या मुलीला ऐकवण्यासाठी बोलतायत. मग वाटलं, विसरले. त्यांचं स्वयंपाकघर खुर्चीपासून हाताच्या अंतरावर आहे.

"बघतोस ना?" बाबांनी विचारलं.

माझं स्वयंपाकघर म्हणजे खोलीचा एक कोपरा. मी तिथे गेलो. शेगडी बंद होती, वर काही नव्हतं. मी जरा वाकून नीट बघितलं.

"अजून वर आलं नाही, बाबा."

"मग तिथेच थांब," ते म्हणाले. "आणि नुसता थांबू नकोस. लक्ष ठेव. तुझं लक्ष नसतं."

"आहे लक्ष."

पलीकडे त्यांनी टीव्ही लावला. मी फोन कानाला लावून, बंद शेगडीकडे बघत उभा राहिलो. मधूनमधून ते विचारत होते, "आलं का वर?" आणि मी सांगत होतो, "नाही अजून."