चाकालाही निळा रंग

शुक्रवारची संध्याकाळ. मूर्तिजापूरपासून दोन कोसांवरचा जुना कालवा. मी त्या कालव्याचा खालचा सागवानी दरवाजा. इतकी वर्षं गप्प होतो. आज बोलतोय, कारण माझ्याबद्दल खोटं लिहिलं गेलं आहे.

माझं काम सोपं. वर एक दरवाजा, खाली मी, मधे दगडी हौद. कापसाची नाव हौदात आली की वरचा दरवाजा मिटायचा. मग हौदातलं पाणी हळूहळू सोडायचे, नाव खाली उतरायची आणि काठावरचं चाक फिरवलं की मी उघडायचो. नावा जाऊन जमाना झाला. तरी अब्दुल गफ्फार दर शुक्रवारी नमाज आटोपून माझ्या चाकाला ग्रीस लावतो. त्याच्या आजानंही हेच चाक फिरवलं.

मला जपायचं की भंगारात काढायचं, हे ठरवायला पाटबंधारे खात्याचे खुशालराव साहेब येणार होते. म्हणून शनिवारी खात्याच्या माणसांनी मला निळा ऑइलपेंट फासला. ग्रीस फडक्यानं पुसून चाकालाही फासला.

"दरवाजाले द्या ना, चाकाले कायले देता? ते फिरते," गफ्फार म्हणाला.

साहेबांना सगळं एका रंगाचं दिसलं पाहिजे, असं उत्तर मिळालं.

रविवारी साहेब गळ्यातल्या हारासकट, तपासणीसाठी आणलेल्या नावेत बसले. नाव कलली. तोल सांभाळायला पेरू विकणारी पार्बताबाई टोपलीसकट दुसऱ्या टोकाला बसवली गेली. नाव खाली उतरली. गफ्फारनं चाक धरलं. चाक हललंच नाही. भिंती शेवाळलेल्या, शिडी नाही. दोघं हौदात अडकले.

"गफ्फारभाऊ, मले बाजार गाठाचा हाय," पार्बताबाई खालून म्हणाली. "अन् हे सायेब माये पेरू खाऊन राहिले." तिनं पेरू चिरायची सुरी वर भिरकावली. "घे, चाकाचा रंग खरवड."

गफ्फारनं खरवडलं. बोटं सोलली, दाढी निळी झाली. साहेब चौथ्या पेरूवर होते तेव्हा चाक कुरकुरलं आणि मी सताड उघडलो. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, आपला हार गफ्फारच्या गळ्यात घातला.

सोमवारी कागद आला. गफ्फारनं तो माझ्याजवळ बसून दोनदा वाचला. 'दरवाजा उघडत नाही. भंगारात काढावा.' खाली साहेबांची सही.

आज शुक्रवार, गफ्फार ग्रीस घेऊन आलाच. मला न्यायचं तर न्या. पण त्याला आधी एक उत्तर द्या. कागदावर तपासणीची तारीख शनिवारची आहे. शनिवारी मला रंगाऱ्यांखेरीज कुणी हातही लावला नव्हता.