पायांवरचं फडकं

“पाय उचलते हं जरा,” गेझीने लोरेंत्सेन टेबलावरच्या बाईंना म्हणाली, आणि समोर उभे असलेले परीक्षक डॉक्टर हार्टविग हातातला चिमटा तसाच धरून थांबले.

बाई मरून वर्ष उलटलं होतं. देहदान केलेल्या, त्यांचं नाव आम्हाला सांगत नसत. तीन नंबरच्या टेबलावर आम्ही आठ जण ऑक्टोबरपासून त्यांच्यावर शिकत होतो, आणि गेझीने पहिल्या दिवसापासून त्यांच्याशी अशी बोलायची. आता कुशीवर वळवते, आता हात लावते. तोंडी परीक्षेत तरी गप्प बस बाई, असं मी तिला दहादा बजावलं होतं. पण सात वर्षं वॉर्डात काढलेल्या जिभेचं वळण असं सांगून थोडंच जातं!

ती सात वर्षं म्हणजे मेडिकलच्या प्रवेशाची रांग. शाळेत मार्क कमी पडले की आमच्याकडे जर्मनीत नाव घालायचं आणि वाट बघायची. गेझीनेने ती वाट किनाऱ्यावरच्या एका छोट्या इस्पितळात नर्सचं काम करत बघितली. मी डॉक्टरांची मुलगी, मार्क उत्तम, शाळेतून सरळ इथे. वय एकोणीस आणि शहाणपण नुसतं उतू चाललेलं.

हे शहाणपण पहिल्याच दिवशी उतरलं. चादर काढली आणि मला भोवळ आली. गेझीनेने मला खाली बसवलं, पाणी दिलं, मग उठवून माझा हात त्या बाईंच्या हातावर ठेवला. आधी नुसता हात धर, म्हणाली, कापायचं मागाहून बघू. मी धरला. त्या दिवशी तिने तसं केलं नसतं तर मी संध्याकाळच्या गाडीने घरी गेले असते, हे मी कुणाजवळ कधी कबूल केलं नाही.

सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणायचे, थोडं प्रेमाने, बरंचसं चिडवायला. कारण काम संपलं की ती बाईंचे पाय ओल्या फडक्याने नीट गुंडाळायची, टाचांखालून दुमडून. कातडी सोलून झाली तरी गुंडाळायचीच. आमच्या टेबलावरचा योस्ट एकदा म्हणाला, सिस्टर, आता लोकरीचे मोजेही विणून आणा. तिने मान वर न करता सांगितलं, “तुझ्या मापाचे आणते, म्हणजे पुढे तुला कामाला येतील.”

हातांना सगळं ठाऊक, नावं मात्र डोक्यात टिकत नसत, हे तिचं दुखणं. पायाच्या परीक्षेत ती डिसेंबरात दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कापतात, आणि मग जर्मनीत कुठेच, जन्मात कधीच, मेडिकल शिकता येत नाही. जानेवारीतल्या सोमवारी तिची तिसरी वेळ होती. रविवारी दिवसभर माझ्याकडून नावं घोकून घे, एवढंच तिने माझ्याजवळ मागितलं. मी हो म्हटलं.

शनिवारी मी तिला कळवलं की मला ताप आलाय. ताप कसला डोंबलाचा! माझी रसायनशास्त्राची परीक्षा जवळ आली होती, आणि खरं सांगायचं तर तिला तेच तेच सांगून मी कंटाळले होते. रविवारी दुपारी वसतिगृहाच्या माझ्या दाराशी सुपाचं भांडं होतं, टॉवेलात गुंडाळलेलं. आख्खं शहर ओलांडून ती ते ठेवून गेली होती. मी ते प्यायले. चांगलं झालं होतं.

सोमवारी दोन नावं तिची आधीच अडली होती. डॉक्टर हार्टविगनी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाला वळसा घालून जाणारी नस चिमट्याने उचलली.

“ही कोणती, फ्राउ लोरेंत्सेन?”

“इथं प्लास्टर घट्ट बसलं की पाऊल लोंबतं,” गेझीने म्हणाली. “पेशंटला अंगठा वर करता येत नाही. म्हणून आम्ही इथं कापूस घालतो.”

“बरोबर आहे. नाव?”

नाव माझ्या ओठांवर होतं. नर्व्हस फिब्युलारिस कम्युनिस. शेंबडं पोरही दोन दिवसांत पाठ करील असं. टेबलाच्या बाकीच्यांबरोबर मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि मला काही करता येण्यासारखं नव्हतं. जे करता येण्यासारखं होतं ते आदल्या दिवशी होतं.

डॉक्टरांनी ती नस पुन्हा एकदा उचलून दाखवली. वाईट माणूस नव्हता तो. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला माफ करा म्हणाले. गेझीनेने बाईंचे पाय गुंडाळले, हात धुतले आणि ती गेली. आमचं काम आणखी चार आठवडे चाललं. संध्याकाळी घाईघाईत फडकं ओढलं जायचं, पायांपर्यंत पोचतंय का ते कुणी बघत नसे. मीही बघितलं नाही.

मे महिन्यात चर्चमध्ये देहदान केलेल्यांसाठी प्रार्थना झाली. विद्यार्थ्यांनी एकेक नाव वाचून मेणबत्त्या लावल्या. कोण कुठल्या टेबलावर होतं ते मात्र सांगत नाहीत. गेझीने शेवटच्या बाकावर नातेवाइकांत बसली होती. कोटाखाली तिचे वॉर्डातले पांढरे कपडे दिसत होते. परत जुन्या कामावर लागली होती म्हणे.

नंतर कॉफीच्या वेळी एक म्हातारा माझ्याजवळ आला. तुम्ही त्या विद्यार्थ्यांतल्या ना, म्हणाला. मग त्याने टोपी काढून हातात धरली.

“माझ्या हेल्माचे पाय नेहमी गार पडायचे,” तो म्हणाला. “त्रेपन्न वर्षं मीच पांघरूण घालत आलो. तिथं... उघडे असायचे का हो?”

आभाराची चार वाक्यं आम्हाला आधीच लिहून दिली होती. त्यातलं एकही इथे चालण्यासारखं नव्हतं. गेझीने कधी शेजारी आली ते कळलं नाही.

“तुमच्या पत्नी कुठल्या टेबलावर होत्या ते मला माहीत नाही, आजोबा,” ती म्हणाली. “आमच्या टेबलावरच्या बाईंचे पाय मी गुंडाळून ठेवायचे. टाचांखालून.”

“रोज?”

“मी होते तोवर, रोज.”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हाताऱ्याने टोपी काखेत धरली आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. माझ्या हातात कॉफीचा कप होता, तो धरून मी तिथेच उभी राहिले.