कमरोद्दीनची गुलछडी

वाळूजच्या एका कारखान्याला यंत्रं बाहेरगावी पाठवायला लाकडी खोकी लागत, आणि ती पुरवणारे दोघंच होते. पिशोरचा बद्रीनाथ हिवाळे आणि बिडकीनचा कमरोद्दीन. दोघांच्या शेड एकाच रस्त्यावर, दोघांचं काम सारखंच चोख, म्हणून कामही निम्मं निम्मं मिळायचं. हे निम्मं बद्रीनाथला कधी पचलं नाही. सकाळी स्वतःच्या शेडचं कुलूप काढायच्या आधी त्याची नजर कमरोद्दीनच्या दारातल्या टेम्पोकडं जायची.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असायची आणि माल पुरवणारे खरेदीच्या साहेबांना फुलं घेऊन जायचे. त्या वर्षी पुण्याहून राजहंससाहेब नवीन आले होते. नव्या साहेबांच्या डोळ्यांत आपणच भरायचं, असं ठरवून बद्रीनाथनं शहरातल्या गुलमंडीच्या बाजारातून चांगला हातभर उंच गुच्छ बांधून घेतला. लाल गुलाब, ग्लॅडिओलस, वरून चकचकीत कागद. स्कूटरवर तो सावरत आणता आणता त्याचा खांदा भरून आला.

साहेब पूजेला खाली गेले होते. त्यांच्या केबिनबाहेरच्या टेबलावर फुलं ठेवायची आणि नावाची चिठ्ठी लावायची, अशी पद्धत. तिथं कमरोद्दीनची फुलं आधीच येऊन पडली होती. गुलछडीचे थोडे दांडे, सुतळीनं बांधलेले, ओल्या फडक्यात गुंडाळलेले. बद्रीनाथला हसूच आलं. तेवढ्यात टायपिस्टबाई आल्या. त्याच्या गुच्छाकडं त्यांनी पाहिलं न पाहिलंसं केलं आणि गुलछडीवर वाकून म्हणाल्या, "अगंबाई! सगळा व्हरांडा घमघमतोय की."

झालं. बाई गेल्यावर त्यानं आपल्या गुच्छाला नाक लावून बघितलं. नुसता कागदाचा वास. खालून आरतीच्या टाळ्या ऐकू येत होत्या, व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. त्यानं दोन्ही चिठ्ठ्या काढल्या आणि अदलाबदल करून लावल्या.

दसरा झाल्यावर साहेबांनी त्याला बोलावून घेतलं.

"हिवाळे, ती गुलछडी तुमची ना? मी घरी नेली. आमच्या हिनं दत्ताच्या फोटोपुढं ठेवली, सगळं घर दरवळत होतं. दर गुरुवारी थोडी मिळेल का?"

"मिळंल की, साहेब," बद्रीनाथ बोलून गेला. जिना उतरेपर्यंत तो हवेत होता. मग त्याच्या लक्षात आलं, आता आणायची कुठून?

पहिल्या गुरुवारी त्यानं बाजारातली नेली. साहेबांनी हुंगली आणि विचारलं, "ही तुमच्याकडची नाही वाटतं?"

पुढच्या बुधवारी दिवस कलताना तो नाइलाजानं बिडकीनला गेला. कमरोद्दीनच्या घरामागं गुलछडीचा लहानसा वाफा होता आणि त्याची बायको फहमिदा पाणी देत होती.

"या, बद्रीभाऊ," कमरोद्दीन म्हणाला. "तुमी येनार, असं वाटतच होतं."

"कसं काय?"

"साहेबानं मला बोलावलं होतं. म्हनले, एवढा मोठा गुच्छ कशाला आनायचा, खर्च करू नका. मी खाली मान घालून उभा राह्यलो."

"मग खरं सांगितलं का नाय?"

कमरोद्दीन ओशाळून हसला. "दरसाली तुमचा गुच्छ बघून माझा जीव जळायचा, भाऊ. हे फडक्यातलं घेऊन तिथं उभं राह्यची शरम वाटायची. औंदा तसला गुच्छ साहेबाच्या टेबलावर, आन् त्याच्यावर माझं नाव! लई बरं वाटलं. घरी येऊन हिला बी सांगितलं."

बद्रीनाथला लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण त्याहून जास्त त्याला हे झोंबलं, की आपला गुच्छ यानं मिरवला, पार घरी येऊन बायकोपुढं मिरवला.

फहमिदानं ताजे दांडे कापून त्याच्या हातात दिले. "लागंल तवा न्या, भाऊ," ती म्हणाली.

गुरुवारी साहेबांच्या घरी राजहंसबाईंनीच दार उघडलं. दोन्ही हातांनी फुलं घेऊन त्या म्हणाल्या, "किती निगुतीनं वाढवता हो तुम्ही!"

त्यापुढं त्याला राहवेना. "माझी नाहीत, बाई. कमरोद्दीनची हायत. खंडेनवमीला चिठ्ठ्या मीच बदलल्या."

आतून साहेबांनी पेपर खाली केला. "बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "पुढच्या गुरुवारपासून त्यांनाच यायला सांगा."

काम कमी झालं नाही, वाढलंही नाही. पण दर गुरुवारी कमरोद्दीन शेड लवकर बंद करून निघे आणि दुसऱ्या दिवशी साधेपणानं सांगे, "बाईंनी बसवून चहा दिला." बद्रीनाथ हूं म्हणून खिळे ठोकत राही. एकदा हातोडी बोटावर बसली.

उन्हाळ्यात मात्र तो स्वतःच कमरोद्दीनकडं गेला आणि कंद मागितले. कमरोद्दीननं पिशवी भरून दिले, कसे लावायचे तेही दाखवलं. बद्रीनाथनं शेडच्या कडेला वाफा केला, रोज पाणी घातलं. पावसाळा सरता सरता पहिला दांडा फुलला. वासही झकास. तो कापून बद्रीनाथ तडक कमरोद्दीनच्या शेडमध्ये गेला आणि साहेबांकडं न्यायला आणलेल्या त्याच्या दांड्याशेजारी आपला धरून बघितला.

दोन बोटं कमी भरला.

"कमरूभाई," तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "तुमी मला बारके कंद दिले, व्हय ना?"