गुरुवारच्या आधीचा मंगळवार

टाचणी. ओठांत धरलेली, पितळेची, थंड. तिचं टोक जिभेला कळतंय आणि तरी जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जातेय...

ओल्या ओक लाकडाचा वास, आगीवर वाकवलेल्या फळ्यांचा. माणूस खोलीतून निघून जातो, हा मागे राहतो.

शुक्रवारी कुणीतरी दाराशी ठेवून गेलेलं चीज, धुतल्या कापडात गुंडाळलेलं. कशाबद्दल?

एका गाडीत किती विधवा मावतात?

लोइसनं सुई ओवून दिली तेव्हा दोऱ्याचं टोक तिच्या थुंकीनं ओलं होतं.

— आणि मग टाचणी रुमालात गेली, गळ्याखाली, जिथं जायला हवी तिथंच, आणि केझाया होलम आरशापासून मागं सरली. आरशात अडतीस वर्षांची एक बाई होती, विधवेचा काळा रंग मागच्या वर्षीच सोडलेली, राखी रंगाचा नवा पोशाख खुंटीवर तसाच ठेवून जुना निळा घातलेली. राखी पोशाख लग्नाचा. त्याच्या बाह्या झाल्या नाहीत असं ती म्हणाली होती. त्या झाल्या नव्हत्या हे खरंच होतं... एका दुपारचं काम राहिलं होतं, आणि त्या दुपारी ती खिडकीत बसून बाहेर बघत राहिली होती. मांडीवर बाही, बोटात अंगुस्तान, आणि हात हलत नाहीत.

चर्चमध्ये तीन रविवार पाद्रीनं दोघांची नावं वाचली होती — केझाया होलम, विधवा, आणि लेम्युएल कॉर्सन, पिंपं करणारा, विधुर — आणि कुणाची हरकत असेल तर सांगावी असं तिन्ही वेळा विचारलं होतं. कुणी काही बोललं नव्हतं. तिसऱ्या वाचनानंतर येतो तो गुरुवार लग्नाचा, हे या गावात इतकं ठरलेलं की तारीख कुणी विचारतच नाही. केझाया मात्र म्हणाली, त्याच्या पुढच्या गुरुवारी. लेम्युएल म्हणाला होता, "बाह्या नसतील तरी चालेल, हात तर आहेत ना." आणि हसला होता, आणि त्या हसण्यात शंकेचा एक कणसुद्धा नव्हता, म्हणून तर...

दोन गुरुवारांच्या मध्ये एक मंगळवार येत होता. तो आज.

बाहेर गाडी थांबली. दीर आला होता.

"वहिनी, चला," एसा ओरडला. घोड्याच्या कानाशी त्यानं फेडरलिस्ट पक्षाची काळी फीत बांधली होती. गाडीत म्हातारी टेम्परन्स पार्सेल आधीच गवताच्या पेंढीवर राणीसारखी बसली होती. न्यू जर्सीत जिच्या नावावर घरदार आहे आणि डोक्यावर नवरा नाही, तिला मत आहे. नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलं की मत नाही. टेम्परन्सची सख्खी बहीण पलीकडे राहते. दर ऑक्टोबरात टेम्परन्स तिची नव्यानं कीव करते.

"ये गं, ये. आजच्या दिवशी हात धरून चढवतात, मजा करून घे," टेम्परन्स म्हणाली. "उद्यापासून चिखलात पडलीस तरी घोड्यावरून टोपी काढून नमस्कार करून पुढं जातील."

"काकू, मी कधी तुम्हाला चिखलात सोडलंय?" एसा म्हणाला.

"गेल्या मार्चात."

"तेव्हा मी पाहिलं नव्हतं."

"मी ओरडत होते रे."

एसानं विषय बदलायला खिशातून आजच्या मतदानाच्या चिठ्ठ्या काढल्या, पक्षाच्या, आधीच नावं लिहून आणलेल्या, सगळ्या एकाच हाताच्या अक्षरात. केझायानं घेतली, घडी केली, बाहीत सरकवली. दुसऱ्या बाहीत तिची स्वतःची होती. काल दुपारी तिनं ती लिहिली, तेव्हा शाई नीट वाळेपर्यंत ती तिच्याकडे पाहत बसली होती. दोन्ही पक्षांतली माणसं होती तीत. एक नाव मात्र मुद्दाम नव्हतं. वॉल्डनचं. वॉल्डन दोन वर्षं विधिमंडळात बसला आणि ओढ्यावरच्या पुलाला दोन्ही वर्षं नको म्हणाला. ज्या वसंतात ओढा चढला होता, तेव्हा डॉक्टर पलीकडच्या काठावर घोड्यावर बसून राहिला, संध्याकाळपर्यंत, आणि अलीकडे घरात... ती ते कुणाला सांगत नाही. रूबेनला, तिच्या नवऱ्याला, तो जिवंत होता तेव्हा, तेही सांगावं लागलं नव्हतं. तो स्वतः काठावर उभा होता, दोन्ही हात वर करून, जणू डॉक्टरला दिसत नसेल.

"वाईट एकाच गोष्टीचं वाटतं वहिनी," एसा लगाम झटकत म्हणाला. "लेम्युएल पडला रिपब्लिकन. गुरुवारनंतर आमचं एक मत गेलं."

"कुणाचं?"

"म्हणजे तुमचंच की. पण आमचं."

टेम्परन्स खो खो हसली, आणि हसताना तिचे उरलेले दात दिसले.

गाडी उताराला लागली. बागा रिकाम्या, झाडांखाली कुजक्या सफरचंदांवर गांधीलमाश्या... चार जुलैला लेम्युएलनं पेला उंचावला होता, सराईच्या अंगणात, सगळ्यांसमोर, आणि अडखळत म्हणाला होता, स्वातंत्र्याला, आणि ज्या आया स्वातंत्र्य दुधातून पाजतात त्यांना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या मनात काही नव्हतं, तो चांगला माणूस आहे, आणि आयांबद्दल पाद्रीनंही त्या आठवड्याच्या रविवारी तेच सांगितलं होतं — प्रजासत्ताक उभं असतं ते चुलीपाशी, आईच्या मांडीवर नागरिक घडतो, बायांनी सभागृहाकडे पाहू नये, सभागृहाचा रस्ता त्यांच्याच घरातून जातो. छान बोलतो पाद्री. मी मांडीवर हात ठेवून ऐकत होते. माझ्या मांडीवर हातच होते. जिचे दोन नागरिक चर्चच्या मागच्या गवतात झोपलेत, पैकी एकाला धड नावही ठेवून झालं नव्हतं, तिनं या देशाला काय द्यायचं असतं? हे पाद्रीला विचारावं असं वाटलं होतं, भांडण म्हणून नाही, खरंच माहीत करून घ्यायला. विचारलं नाही. वर्षातून एकदा एक कागद देते मी. तो घेतात.

आणि लोइस आहे. लेम्युएलची, आठ वर्षांची, आई नसलेली, सुई ओवून देणारी. गेल्या आठवड्यात ती दोरा चघळत म्हणाली, "गुरुवारनंतर मी तुला काय हाक मारू?" केझाया म्हणाली, "तुला येईल ती." मुलीनं विचार केला. "मला एकच येते," ती म्हणाली.

त्या रात्री केझायाला झोप लागली, गाढ, कित्येक महिन्यांनी. म्हणजे हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे, आणि एका गुरुवारी दोन्ही मावत नाही...

सराईच्या पुढच्या खोलीत मेज, मेजावर पेटी, पेटीमागे तीन माणसं. मधला निरीक्षक, मोझेस टटल, एरवी शेळ्या विकतो. खोलीत तंबाखू, ओली लोकर, सायडर. बायकांसाठी वाट करून दिली गेली, टोप्या निघाल्या. तिच्या पुढं प्राइमस होता, काळा, मोची, गावाच्या टोकाला त्याचं स्वतःचं घर आहे.

"बाई, आधी तुम्ही," तो म्हणाला.

"रांग आहे, प्राइमस. तुम्ही आधी आलात."

त्यानं चिठ्ठी टाकली आणि बाजूला होताना सुटकेचा एक लहानसा श्वास सोडला, फक्त मागच्या माणसाला ऐकू येईल इतका. तो मागचा माणूस ती होती.

"नाव?"

"केझाया होलम."

टटलनं चिठ्ठी घ्यायला हात पुढं केला आणि तो हात तसाच राहिला. "होलम?" तो म्हणाला. "अगं, तू तर आता कॉर्सन ना?"

"नाही."

"नाही कशी? तीनदा वाचलं. मी होतो तिथं."

"आमच्या घरून शुक्रवारी चीज पाठवलं," डावीकडचा माणूस म्हणाला. तो नाराज नव्हता, नुसताच गोंधळला होता. "बायकोनं स्वतः बांधून दिलं."

खोलीत हलकं हसू झालं. लग्न झालं असं सगळे धरूनच चालले होते. तिसऱ्या वाचनानंतर थांबलेलं लग्न कुणी पाहिलंच नव्हतं. तिकडं रिपब्लिकनांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "लग्न झालेल्या बाईचं मत नवऱ्याच्या मतात आलं. दोनदा कसं मोजणार?" आणि एसा मागून ओरडला, "झालेलं नाही म्हणते ना ती." आणि टटल, ज्याला कुणाचाच वाईटपणा घ्यायचा नव्हता, त्यानं मान वळवली.

"लेम्युएल. ही तुझी बायको आहे का?"

तो खिडकीशी होता. तिनं त्याला आत येताना पाहिलंच नव्हतं. हातात टोपी, कोटाच्या बाहीवर रंध्याची एक कुरळी ढलपी. त्यानं टटलकडे नाही, तिच्याकडे पाहिलं, आणि तिला दिसलं — एखाद्या पिंपाची कडी बसते तसं, हळूच, पण एकदाची — त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बसलं. बाह्या. गुरुवार. मंगळवार.

"नाही," तो म्हणाला. मग, "अजून नाही."

"मग शपथ घ्यावी लागेल," टटल म्हणाला. "तशी पद्धतच आहे, बाई. राग नको."

बायबल चिकट होतं. टटल सांगत गेला, ती मागून म्हणत गेली — की मी केझाया होलम, या गावची रहिवासी, की पन्नास पौंडांवरची मिळकत माझी स्वतःची आहे, की मी कुणाचीही बायको नाही. शेवटचं वाक्य टटलनं घाईत म्हटलं. तिनं घाई केली नाही. तिला वाटलं होतं आवाज चिरकेल, लाज वाटेल, इतक्या पुरुषांसमोर, त्याच्यासमोर. आवाज आला तो तिच्याच घरातल्या आवाजासारखा, दार उघडून कोंबड्यांना हाक मारावी तसा. मी कुणाचीही बायको नाही. मी हे आधी कधी म्हटलंच नव्हतं. आधी मी रूबेनची विधवा होते, तेही त्याचंच. तिची स्वतःची चिठ्ठी पेटीच्या फटीतून आत गेली. कागद कागदावर पडला, आवाज झाला नाही.

बाहेर घोड्यांच्या पाण्याच्या हौदापाशी लेम्युएल उभा होता.

"म्हणजे बाह्यांचं नव्हतं ते," तो म्हणाला.

"नव्हतं."

"मला सांगितलं असतंस तर मीच म्हटलं असतं, थांबू मंगळवारपर्यंत."

"माहीत आहे."

आणि तिला खरंच माहीत होतं. त्यानं थांबू दिलं असतं. तेच टोचत होतं, आणि कसं टोचतंय ते त्याला सांगता आलं नसतं, कारण त्यात त्याची चूक काहीच नव्हती.

त्यानं बाहीवरची ढलपी काढली, बोटांत फिरवली. "तुला वाटतं मी तुझं काही काढून घेतो. घर तुझंच असल्यासारखं राहील, केझाया. आणि मत... पुढच्या वर्षी मी देईन तेव्हा दोघांचं म्हणूनच देईन. तू सांग ना मला, काय वाटतं ते. चुलीपाशी बसून बोलू."

"आज कुणाला दिलंत?"

"वॉल्डनला. बाकीच्यांनाही, पण वॉल्डनला नक्की."

"मी वॉल्डनला सोडून बाकीच्यांना दिलं."

तो हसायला लागला. वाईट हसू नव्हतं. "म्हणजे आपण दोघांनी मिळून आज काहीच केलं नाही."

"पूल," ती म्हणाली.

"काय पूल?"

तिनं सांगितलं. थोडंच. ओढा, डॉक्टर, संध्याकाळ. त्याचं हसू गेलं, टोपी हातातून हातात गेली. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. आणि मग, "पण पुलाला पैसा लागतो गं. कर वाढतो. वॉल्डनचं तेवढंच म्हणणं होतं."

"हो."

"तू आधी सांगितलं असतंस तर मी विचार केला असता."

"हो," ती म्हणाली. "केला असतात."

घोड्यानं हौदातून तोंड काढलं, दोघांवर पाणी उडालं. दोघांनीही पुसलं नाही.

"गुरुवारी येऊ ना?" त्यानं विचारलं. "लोइसनं टोपीला फीत लावलीय. दोनदा उसवून पुन्हा लावली."

तिला हो म्हणायचं होतं. तोंडात ते तयार होतं, सकाळच्या टाचणीइतकं थंड आणि नेमकं... आणि त्याच्या शेजारी दुसरं वाक्यही होतं, आत्ताच म्हटलेलं, अजून ऊब असलेलं. "मी चालत जाते," ती म्हणाली. "एसाला सांगा." तो मान हलवून उभा राहिला. त्यानं हात पुढं केला नाही, अडवलं नाही, आणि त्याबद्दल तिला त्याच्याविषयी माया वाटली, दुपारच्या उन्हासारखी, उगाच नाही.

पाऊलवाट कुंपणाच्या कडेनं जात होती. मका कापून झालेलं शेत, खुंट, कावळे. ती सावकाश चालत होती. मागं सराईतून कुणीतरी गाणं सुरू केलं, मग दुसऱ्यांनी त्याला गप्प केलं. माझी मांडी, तिला वाटलं, माझे हात, माझं घर, लोइसचा ओला दोरा. यांतलं कुठलं कुणी काढून घेणार नव्हतं. कुठलं तरी मीच देणार होते, आणि देताना देतेय हे मला ठाऊक असणार होतं — एवढंच आज नवीन होतं, आणि ते भीतीसारखं वाटत नव्हतं. कुंपणाच्या दांडीवर हात ठेवून ती थांबली. कुणी नव्हतं. शपथेतलं शेवटचं वाक्य तिनं पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, मोठ्यानं, कावळ्यांना, आणि मग त्याच आवाजात लोइसचं नाव. दोन्ही सारखंच उमटलं. ती पुन्हा चालू लागली, घराकडे, अजून काहीच न ठरवता, आणि न ठरलेलं ते ओझं तिनं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, बादली घ्यावी तसं.

पुढच्या वर्षी, १८०७च्या नोव्हेंबरात, राजधानी ट्रेंटनमध्ये नवा कायदा झाला आणि न्यू जर्सीत मत फक्त गोऱ्या पुरुषांचं उरलं. त्या दिवशी केझाया मेणबत्त्यांसाठी चरबी वितळवत होती.