पेन्सिलीतले आकडे

मित्रांनो, खिडकीजवळच्या टेबलावर जो किंचित वाकून उभा आहे, ज्याच्या गळ्याचे पितळ बोटांनी घासून घासून पिवळेधमक झाले आहे, तो मी. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मला डोळा एकच. पण त्या एका डोळ्याने मी जेवढे पाणी पाहिले, तेवढे एखाद्या पाणकावळ्यानेही पाहिले नसेल.

माझे भिंग एका म्हाताऱ्या कारागिराने अकरा दिवस घासले. रोज संध्याकाळी तो ते उजेडाशी धरायचा, नाराजीने मान हलवायचा आणि परत घासायला बसायचा. बाराव्या दिवशी त्याने मान हलवली नाही. तोच माझा वाढदिवस.

मग मला लाकडी पेटीत, भुशात निजवून या प्रयोगशाळेत आणले. प्रयोगशाळा म्हणजे तळ्याकाठच्या इमारतीतल्या दोन खोल्या. या तळ्याचे पाणी सगळे शहर पिते. त्यात काय काय जगते आहे हे पाहणे, हे माझे काम.

माझे पहिले धनी म्हणजे सर. उंच, सडपातळ, आणि चष्मा कपाळावर ठेवून तोच खोलीभर शोधणारे. त्यांनी मला तळ्यातल्या दोन शेवाळांची ओळख करून दिली. डोळ्यांना न दिसणारी ही शेवाळे माझ्याखाली मण्यांसारखी दिसतात. एकीला सर ‘साखळी’ म्हणत. ती बिचारी निरुपद्रवी. दुसरीला ‘माळ’ म्हणत. ती उन्हाळ्यात माजली की पाण्यात विष उतरते. मोठेपणी माळेच्या मधोमध एक फुगीर मणी येतो, त्यावरून ती ओळखता येते. पण लहानपणी, चार-पाच मण्यांची असताना, दोघी अगदी जुळ्या बहिणी. मलाही फरक कळत नसे, आणि हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

एके दिवशी सरांच्या हाताखाली एक मुलगी कामाला आली. वय एकवीस. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, खिशात शाईचे पेन. तिला पुढे सगळे ‘मोजणीताई’ म्हणू लागले. मी तिला तेव्हापासून ओळखतो, म्हणून ‘ती’ म्हणतो. पहिल्याच आठवड्यात ती रडकुंडीला आली.

“सर, ही सात बाळं कुणाची तेच कळत नाहीये. साखळी लिहू की माळ?”

“तुला काय वाटतं?”

“माळ वाटतेय. पण शपथ नाही घेणार.”

“मग माळेच्या रकान्यात लिही, पण पेन्सिलीनं,” सर म्हणाले. “शाईत लिहिलंस की ते तुझं वचन. पेन्सिलीत लिहिलंस की ती तुझी शंका. दोन्ही लिहायचं. शंका गिळायची नाही.”

ताईने हा नियम चाळीस वर्षे पाळला. सोमवारी तळ्याचे पाणी यायचे, मंगळवारी मोजणी. प्रत्येक मंगळवारी पाण्याचा थेंब टिकवलेली एक काचपट्टी तारीख घालून कपाटात आणि आकडे वहीत. तिला ताप असो की घरी पाहुणे असोत, मंगळवार चुकला नाही. तिच्या पापण्यांचे केस माझ्या काचेला लागून लागून मला त्यांची सवय झाली होती. सर गेले, त्या आठवड्यातही ती आली. त्या दिवशी तिने तीन वेळा काच पुसली. धूसर माझी काच नव्हती.

मित्रांनो, माझे कौतुकही पुष्कळ झाले. पाहुणे आले की मला पुढे करत. मग कॅमेरा बसवलेला नवा सूक्ष्मदर्शक आला, आणि माझ्यावर प्लास्टिकची पिशवी चढली. कौतुक संपले की आधी पिशवी येते, एवढे मी शिकलो. फक्त मंगळवारी ताई ती पिशवी काढायची. “नव्याचे डोळे चांगले आहेत,” ती म्हणायची, “पण याची नजर माझ्या ओळखीची आहे.”

ताईच्या निवृत्तीला तीन महिने उरले असताना तिची भाची आमच्याकडे नेमणुकीवर आली. ती संगणक शिकलेली. पहिल्याच दिवशी तिने खुर्ची ओढली आणि मावशीला सगळे समजावले.

“मावशी, दूरच्या शहरात एक महासंगणक आहे. हजारो संगणक एकाच गणिताला जुंपलेले. तो आपल्या तळ्याचे लाखो चौकोनी तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्यात ऊन किती, वारा किती, पाणी कुठे वळतंय, सगळं मोजतो. अख्खा उन्हाळा तो दुपारभरात जगून बघतो.”

“आणि शेवाळ?”

“त्यासाठी दुसरी गंमत. कृत्रिम बुद्धिमत्ता. तुझ्या जुन्या काचपट्ट्यांचे फोटो आणि वहीतले आकडे तिला दाखवायचे. तेवढ्यावरून ती साखळी आणि माळ ओळखायला शिकेल. मग दोघं मिळून पाण्यात विष येण्याआधीच सांगतील.”

“म्हणजे तुझं यंत्र माझीच उत्तरं पाठ करणार.”

“पाठ नाही गं, शिकणार.”

“मीही सरांना हेच सांगायचे,” ताई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

खरे सांगू? मला मत्सर वाटला. मी ज्या मण्यांकडे जन्मभर टक लावून पाहिले, ते कुणी दुपारभरात ओळखावेत? पण भाची कामाची पक्की. तिने दोन हजारांवर काचपट्ट्यांचे फोटो काढले. वह्यांच्याही पानांचे फोटो काढून चार टंकलेखकांकडे पाठवले. त्यांनी सगळे आकडे संगणकावर चढवले. मग परीक्षा ठरली: यंत्रांना मागच्या चाळीस उन्हाळ्यांचे अंदाज सांगायला लावायचे. खरे काय झाले होते, ते आपल्याला ठाऊकच होते.

यंत्रे सपशेल नापास झाली. तळे निवळशंख होते त्या वर्षी विष सांगितले, विष होते त्या वर्षी काही नाही म्हणाली. भाचीने सगळी गणिते पुन्हा तपासली. चूक सापडेना.

शेवटी मोठे साहेब खाली आले. माणूस वाईट नव्हता, पण घाईत असायचा.

“ताई, राग मानू नका,” ते म्हणाले. “गणित बरोबर आहे म्हणजे मोजणीतच घोळ असणार. जुन्या वह्या बाजूला ठेवू. नव्या उपकरणाची पाच वर्षांची माहिती आहे, तेवढ्यावर भागवू. काचपट्ट्यांची कपाटं शुक्रवारी काढू, जागा हवी आहे.”

“पाच वर्षांत विषाचा उन्हाळा एकच आला, साहेब,” भाची म्हणाली. “एकावरून यंत्र काय शिकणार?”

“चुकीच्या चाळीसपेक्षा बरं. शेवटी यंत्राला भावना नसतात.”

“मला आहेत, साहेब,” ताई म्हणाली. एवढेच. मग तिने पेनाला टोपण लावले.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्या दिवशी ओरडलो असतो. चूक कुठे होती ते मला ठाऊक होते. पण सूक्ष्मदर्शकाच्या नशिबी बघणे असते, बोलणे नसते. एका बाईची चाळीस वर्षे शुक्रवारी भंगारात जाणार होती आणि मी पिशवीत उभा होतो.

गुरुवारी दुपारी दोघी कपाट रिकामे करायला बसल्या. ताईने माझी पिशवी काढली. “टाकायच्या आधी एकदा शेवटची बघते,” म्हणून तिने एक काचपट्टी माझ्याखाली ठेवली. भाची संगणकावर तीच तारीख काढून बसली.

“माळ, एकूण नऊ,” भाचीने वाचले.

ताईने वही उघडली. “शाईत दोन. पेन्सिलीत सात.”

“नऊच झाले ना.”

“नऊ कसे? दोन. सात पेन्सिलीत आहेत.”

भाचीची खुर्ची करकरली. “पेन्सिलीत म्हणजे काय, मावशी?”

“म्हणजे खात्री नाही.”

“हे कुणाला माहीत होतं?”

“सगळ्यांना.”

“सगळे म्हणजे कोण?”

ताईने वहीवरून मान वर केली. “मी,” ती म्हणाली. “आणि सर.”

“आणि सरांना जाऊन किती वर्षं झाली?”

“बावीस.”

भाचीने दोन्ही हातांनी डोके धरले. मग ती हसू लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले. “चाळीस वर्षं, मावशी. एका माणसाला सांगायचं होतंस.”

“तुम्ही विचारलं नाहीत,” ताई आधी फणकारली. मग हळूच म्हणाली, “चुकलंच माझं. मला वाटायचं, वहीत दिसतंच आहे की.”

वहीत दिसत होते. वहीच्या फोटोत नाही. फोटोत शाई काळी आणि पेन्सिलही काळी. टंकलेखकांनी दोन आणि सात मिळवून नऊ केले होते. यंत्राचाही दोष नव्हता. ज्यावर ताई शपथ घ्यायला तयार नव्हती, तेच त्याला शपथेवर शिकवले गेले होते.

साहेबांना बोलावले. ताईने वही खिडकीशी नेऊन उन्हात तिरकी धरली. शाई मुकी राहिली. पेन्सिलीचे आकडे चकाकू लागले. साहेब पान उलटत गेले, आणि त्या दिवशी प्रथमच त्यांना कसलीच घाई नव्हती.

“कपाटं राहू द्या,” ते म्हणाले. जाताना दारात थांबून म्हणाले, “ताई, ते भावनांचं मी उगाच बोललो.”

पुढचे तीन आठवडे सगळी प्रयोगशाळा वह्या तिरक्या धरून खिडकीशी उभी होती. साहेबसुद्धा. मग भाचीने यंत्राला नव्याने शिकवले. साखळी, माळ, आणि तिसरे उत्तर: सांगता येत नाही. मग त्याने ताईच्या काचपट्ट्यांचे सगळे फोटो दुपारभरात पाहिले, आणि पेन्सिलीतल्या बाळांची पुढच्या आठवड्यांत वाढलेल्या मण्यांशी गाठ घालून कितीतरी शंका सोडवल्या. एवढे सगळे एकत्र डोळ्यांपुढे ठेवणे माणसाला जमले नसते, मलाही नाही. माझा मत्सर तिथेच गळाला.

शिवाय त्याने कुणालाच न दिसलेली गोष्ट दाखवली. विषाच्या प्रत्येक उन्हाळ्यात, पाण्यात विष उतरण्याच्या सुमारे सोळा दिवस आधी, ताईचे पेन्सिलीतले आकडे वाढलेले होते. तिची शंका हीच पहिली खूण होती. ती महासंगणकाला दिल्यावर चाळीसपैकी सदतीस उन्हाळे बरोबर आले. राहिलेल्या तीन उन्हाळ्यांवर भाची अजून डोके खाजवते आहे.

त्याच उन्हाळ्यात यंत्रांनी सूचना दिली. पाणीपुरवठ्याच्या लोकांनी तळ्याच्या वरच्या थरातले पाणी ओढणारा नळ बंद करून खोलातले पाणी घ्यायला सुरुवात केली. पंधराव्या दिवशी तळ्यावर हिरवी साय धरली. शहरात मात्र काहीच झाले नाही. लोकांनी नळ सोडले, मुलांना पाणी पाजले, आणि कुणाला काही कळलेही नाही. इतकी सुंदर न-घडलेली गोष्ट मी दुसरी पाहिली नाही.

ताई निवृत्त झाली. साहेबांनी तिला डझनभर पेन्सिली भेट दिल्या.

आता रोज सकाळी यंत्र हजारो मणी ओळखते आणि जे ओळखता येत नाहीत, ते एका वेगळ्या कप्प्यात ठेवते. भाचीने त्या कप्प्याला ‘पेन्सिल’ नाव दिले आहे. त्याचा अर्थ काय, हे तिने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे, म्हणजे पुढे कुणाला विचारायला माणूस शोधावा लागू नये.

मित्रांनो, मी म्हातारा आहे, म्हणून थोडे मागतो. माझ्या काचेला बोट लावू नका. मऊ कापडाने पुसा. जुन्या वह्या टाकण्याआधी त्या लिहिणाऱ्यांना एकदा विचारा. आणि तुम्हाला जे नक्की ठाऊक नाही, ते तसेच लिहा. कुणी हसले तरी चालेल.

मंगळवारी ताई अजून येते. मोतीबिंदू काढल्यापासून तिची नजर चांगली झाली आहे. परवा ‘पेन्सिल’ कप्प्यातली एक काचपट्टी भाचीने माझ्याखाली ठेवली. ताईने डोळा लावला, तिच्या पापण्या माझ्या काचेला लागल्या. ती बराच वेळ पाहत राहिली.

“काय गं मावशी, माळ का?”

“यंत्र काय म्हणतं?”

“सांगता येत नाही म्हणतं.”

“शहाणं आहे,” ताई म्हणाली, आणि तिने अंबाड्यातली पेन्सिल काढली.