रफाराचा सूड

मी एक जुना संगणक आहे. नगरच्या सावेडीतल्या एका फ्लॅटमध्ये, हॉलच्या कोपऱ्यात, रांगत्या पोरीचा हात पोचणार नाही अशा उंच टेबलावर मी बसतो. मित्रांनो, जुन्या वस्तूंच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. त्या शेवटी सगळ्यांना माफ करतात. मी कोणालाही माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझे सुटे भाग कुठून कुठून आले आणि नगरच्या एका दुकानात मला जोडलं गेलं. तिथून मी परवेझभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागलो. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, सलूनच्या पाट्या, जे म्हणाल ते केलं. निवडणुकीच्या दिवसांत तर माझा पंखा थांबत नसे. पण जरा अडखळलो की परवेझभाईंचा पंजा पाठीत बसायचा. "चल रे डबड्या!" हे माझं नाव. चहाचा ग्लास ते माझ्याच डोक्यावर ठेवायचे. एकदा तो सांडला, तर शिव्या मलाच.

अंजुम तिथे डिझाइन करायची. तिचा हात वेगळा होता. मी अडलो तर ती थांबायची, जाळीतली धूळ ब्रशने काढायची. तिने मराठी अक्षरं स्वतः घडवली होती. आधी कागदावर, मग माझ्या पडद्यावर. तिचा 'ळ' असा गोंडस की माणसं पत्रिकेवरचा 'मंगळवार' बोटाने गिरवून बघत. फक्त रफार, म्हणजे अक्षराच्या डोक्यावर बसणारा तो छोटा 'र', तिने फॉन्टमध्ये घातलाच नव्हता. "प्रत्येक अक्षरावर तो वेगळा झुकतो," ती म्हणायची. "'कर्जत'वरचा 'वर्षा'ला शोभत नाही." म्हणून प्रत्येक रफार ती शेवटी हाताने काढून बसवायची. त्यासाठी वेळ जायचा, आणि परवेझभाईंची बोलणी खावी लागायची.

मग अंजुमला मुलगी झाली, इन्शा. कामावर परतल्यावर ती म्हणाली, "भाई, दुपारी अर्धा तास घरी जाऊन येते. बाळाला पाजायचं असतं."

"हे दुकान आहे, पाळणाघर नाही," परवेझभाई गिऱ्हाइकांसमोर म्हणाले. "तू घरीच बस बरं. अक्षरं तर संगणकात आहेतच."

मित्रांनो, ती अक्षरं माझ्या पोटात होती, आणि मला तोंड नव्हतं.

पुढे दुकानात नवा संगणक आला. काचेची कूस, आत रंगीबेरंगी दिवे. माझ्यातला फॉन्ट त्याच्यात घातला आणि मला मोरीशेजारी, ओल्या पोतेऱ्याखाली टाकलं. अंजुम आपला राहिलेला डबा आणि छत्री न्यायला आली तेव्हा परवेझभाई हसून म्हणाले, "हे डबडं पण घेऊन जा. पोरीला खेळायला होईल."

अंजुमने खरंच मला उचललं. रिक्षात मांडीवर घेऊन बसली.

दारात तिची सासू रोशनबी उभी होती. "अगं, हे भंगार कशाला आनलं? घरात रांगती पोरगी हाय! शॉक-बिक बसंल तिला."

"अम्मी, याच्यावर मला काम मिळवायचंय."

ते काम सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीचं होतं. तिथल्या शोभा मॅडम वर्षभराचे फलक आणि खोक्यांवरची लेबलं एकाच माणसाकडे देणार होत्या. ते मिळालं तर अंजुमला घरीच, इन्शा डोळ्यांसमोर ठेवून कमावता येणार होतं. नाही मिळालं तर तिने त्याच एमआयडीसीत पॅकिंगच्या शिफ्टला जायचं, असं घरात ठरत आलं होतं. इन्शा तर अजून आईच्या कुशीशिवाय झोपत नव्हती.

पण त्या लेबलांसाठी नवं, मोठं डिझाइनचं सॉफ्टवेअर लागणार होतं. अंजुमने ते माझ्यावर चढवायला घेतलं आणि त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहून सरळ नकार दिला. हा संगणक या कामाच्या लायकीचा नाही, असं पडद्यावर लिहून आलं. तोही अपमान मी मनात ठेवला.

दुपारी इन्शा झोपली की अंजुम मला उघडायची. आधी तिने खोलीतली सगळी प्लगची भोकं चिकटपट्टीने बुजवली. स्क्रू वाटीत, वाटी कपाटावर. एक कान सतत पाळण्याकडे. मग माझा पंखा काढला, प्रोसेसरवरची वाळून खपली झालेली पेस्ट पुसली, नवी लावली. रॅम वाढवली, ग्राफिक्स कार्ड बसवलं. जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी चपळ एसएसडी घातली. तेव्हा मी घाबरलो होतो. जुनी डिस्क गेली म्हणजे परवेझभाईंचा पंजाही विसरणार की काय? पण नाही. राग कुठल्या डिस्कवर असतो कोण जाणे, तो जागच्या जागी होता.

शेवटी तिने छापील लग्नपत्रिका पडद्याला लावून माझा लाल रंग तिच्या लालशी जुळवला. आपली अक्षरं पेन ड्राइव्हमधून परत माझ्यात घातली. सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केलं, आणि ते निमूट उघडलं. मी तयार झालो होतो.

"झालं का गं?" रोशनबींनी विचारलं.

"झालं, अम्मी."

"मग हसती का न्हाईस?"

अंजुम हसली नाही, कारण माझ्या पडद्यावर व्हॉट्सअ‍ॅप उघडं होतं. परवेझभाईंनी स्टेटस ठेवलं होतं: सुप्याच्या त्याच कंपनीचा भलामोठा फलक, छापायला निघालेला. म्हणजे त्या कामावर त्यांचाही डोळा होता. परवेझभाई फलक वाचत नाहीत, बघतात. रंग भडक आहे ना, मालकाचा फोटो मोठा आहे ना, बस. अक्षरं अंजुमचीच होती. आणि मधोमध लिहिलं होतं, 'वधापन दिनाच्या हादिक शुभेच्छा'.

वर्धापनाचा रफार गेला होता आणि वाढदिवसाच्या जागी चक्क वध आला होता!

अंजुम भल्या मनाची. तिने लगेच लिहायला घेतलं, 'भाई, छापू नका, रफार...'

मी हँग झालो.

हो मित्रांनो, मुद्दाम. पडदा गोठवला, बाण गोठवला. तिने बटणं दाबून पाहिली. मी हललो नाही. मोबाईल तिच्या हाताशीच, टेबलावर होता. ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने इन्शाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि मोबाईल उचललाच नाही. त्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांना पुरते समजलो.

दुसऱ्या दिवशी सुप्यात काय झालं ते परवेझभाईंनीच येऊन सांगितलं. घामाने शर्ट चिकटलेला, दारातूनच बोलायला लागले. "अंजुमबेटा, इज्जत गेली! फलक लावला आणि कामगार फोटो काढत सुटले. विचारतात, वध कुणाचा, मालकाचा का आमचा? मी म्हणालो, अक्षरं माझी नाहीत. शोभा मॅडम म्हणाल्या, मग ज्याची आहेत त्याच्याकडून आज रात्रीच्या आत नीट करून आणा."

"मग करा की."

"तुझ्या जागी घेतलेल्या नव्या पोराला रफार सापडत नाही गं. तुझ्याकडचे दे ना."

"रफार मी बसवीन," अंजुम म्हणाली. "फलक तुम्ही छापा. पण शोभा मॅडमशी यापुढे मी बोलणार. वर्षाचं सगळं काम माझं."

परवेझभाईंनी ओठ चावला. "बरं बाई, तुझं. आता उघड तो संगणक."

"हळू बोला. इन्शा आत्ताच झोपलीय. ती उठली की बसते मी कामाला."

"आत्ता? अगं, सुप्याची गाडी खाली उभी आहे!"

"बस की भाऊ," रोशनबी स्टूल सरकवत म्हणाल्या. "आमच्यात पोरगी उठंस्तवर कुनी आवाज करत न्हाई. चहा घेतो का?"

चार माणसं कामाला ठेवणारे परवेझभाई गुडघे जवळ घेऊन त्या बुटक्या स्टुलावर बसले. घड्याळाकडे बघायचे, पाळण्याकडे बघायचे. खोकला आला तर रुमालात दाबायचे. एरवी माझ्या पंख्याच्या घरघरीने इन्शा चटकन जागी होते. त्या दुपारी मी तो इतका हळू फिरवला, इतका हळू, की पोरगी छान, गाढ, ऊन उतरेपर्यंत झोपली.

फलक वेळेवर लागला. काम अंजुमचं झालं.

मित्रांनो, आम्हाला पाणी-चहापासून लांब ठेवा, जाळीतली धूळ काढत जा, अडखळलो तर क्षणभर थांबा. एवढं तुमच्याकडून होत असेल तर उत्तम. होत नसेल, मारायचंच असेल, तर खुशाल मारा. फक्त मग परीक्षेचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी आमच्याकडून दयेची अपेक्षा धरू नका.